न्यू जर्सीचा १७८७ चा तांब्याचा पैसा : ओळख, पारख आणि किंमत

तुम्ही लिहिले आहे की, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी घराच्या परसात भाजीचे वाफे खणताना तुम्हाला तांब्याचे एक काळपट हिरवे नाणे सापडले. त्याच्या एका बाजूस घोड्याचे मुंडके व त्याखाली नांगर आहे, दुसऱ्या बाजूस उभ्या पट्ट्यांची ढाल आहे, व्यास सुमारे २८ मिलिमीटर आहे आणि स्वयंपाकघरातील काट्यावर वजन ९ की १० ग्रॅम हे धड कळत नाही; सोबत तुम्ही छायाचित्रेही पाठवली आहेत. हे नाणे वसाहतकाळातील आहे का, खरे आहे का, त्याची किंमत किती आणि ते घासून स्वच्छ करावे का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण बाकीच्या तीन प्रश्नांवर सावकाश विचार करता येतो; घासलेले नाणे मात्र पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

हे नाणे कृपा करून घासू नका. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने लखलखीत करण्याची पिढ्यानुपिढ्यांची सवय आहे आणि परक्या देशात जुने तांबे हाती आल्यावरही हात आपोआप तिकडेच वळतो. परंतु सव्वादोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी किंवा काळसर थर हा मळ नव्हे. तो त्या नाण्याचाच पृष्ठभाग आहे आणि अक्षरांचे व चित्राचे बारीक उठाव त्याच थरात टिकून राहिलेले असतात. आम्लाने तो थर गेला की खालचे तांबे गुलाबी, निर्जीव आणि खरखरीत दिसते. जाणकार ग्राहकाला ते हातभर अंतरावरूनही कळते आणि किंमत तेथेच निम्म्याहून खाली येते. माती काढायचीच असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात नाणे दोन-तीन दिवस ठेवावे, पाणी रोज बदलावे, भिजून सुटलेली माती बाभळीच्या किंवा बांबूच्या काडीच्या मऊ केलेल्या टोकाने हलकेच उचलावी आणि शेवटी शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, न पुसता, हवेवर वाळू द्यावे. ॲसिटोन तेलकट व सेंद्रिय घाण विरघळवते, तांब्याला हात लावत नाही. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडीपासून दूरच वापरावे. एवढे करून जे निघणार नाही ते तसेच राहू द्यावे.

आता ओळखीकडे वळू. घोड्याच्या मुंडक्याभोवती जी लॅटिन अक्षरे तुम्हाला अर्धवट दिसत आहेत ती 'नोव्हा सीझारिया' अशी आहेत आणि दुसऱ्या शब्दात ए व ई ही दोन अक्षरे एकमेकांना जोडून कोरलेली असतात. हे न्यू जर्सीचे लॅटिन नाव आहे. १६६४ मध्ये हा मुलूख ज्या दोघांना मिळाला त्यांपैकी सर जॉर्ज कार्टरेट हे इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाचे होते आणि त्या बेटाचे रोमन काळातील नाव सीझारिया होते, असे तेव्हा समजले जाई. घोड्याचे मुंडके आणि नांगर ही दोन्ही चिन्हे न्यू जर्सीच्या राजमुद्रेतून आली आहेत. मागच्या बाजूच्या ढालीभोवती 'ई प्लुरिबस उनुम' ('अनेकांतून एक') हे लॅटिन घोषवाक्य असते. १७८२ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मुद्रेवर घेण्यात आले होते आणि अमेरिकेत पाडलेल्या नाण्यांवर ते पहिल्यांदा याच मालिकेत आले असे सामान्यतः मानले जाते.

काटेकोर बोलायचे तर हे नाणे वसाहतकाळातील नाही. १७७६ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली, १७८३ मध्ये इंग्लंडशी तह झाला, आणि हे नाणे त्यानंतरचे, म्हणजे तेरा राज्ये एका सैलशा संघात नांदत असतानाचे आहे. त्या काळात स्वतःची नाणी पाडण्याचा अधिकार राज्यांकडे होता. १७८७ मध्ये लिहिलेल्या राज्यघटनेने तो काढून घेतला आणि १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियाची टाकसाळ स्थापन झाली. तरीही संग्राहक, लिलावगृहे आणि सूचीपत्रे कनेक्टिकट, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स व न्यू जर्सी या राज्यांच्या तांब्याच्या नाण्यांना सरसकट 'कलोनिअल' म्हणतात. तुम्ही या शब्दाखाली शोध घेतला तर योग्य ठिकाणीच पोहोचाल.

न्यू जर्सीच्या विधिमंडळाने जून १७८६ मध्ये वॉल्टर मोल्ड, टॉमस गोड्सबी आणि ॲल्बियन कॉक्स या तिघांना ३० लाख नाणी पाडण्याचा मक्ता दिला. प्रत्येक नाण्याचे वजन १५० ग्रेन, म्हणजे ९.७२ ग्रॅम असावे, एका शिलिंगला १५ नाणी हा दर राहावा आणि पाडलेल्या नाण्यांचा दहावा हिस्सा राज्याच्या तिजोरीत जमा व्हावा, अशा अटी होत्या. भागीदारांचे लवकरच बिनसले; मोल्ड यांनी मॉरिसटाऊनला वेगळी टाकसाळ घातली, तर उरलेल्या दोघांचे काम राहवे येथे चालले, आणि पुढे एलिझाबेथटाऊन येथे मॅथियास ऑग्डन यांच्याकडेही ही नाणी पाडली गेली. एडिसनमध्ये राहणाऱ्या माणसाला राहवे काही परके नाही. मोटारीने अर्ध्या तासाच्या आतले हे गाव आहे. तुमच्या परसातील नाणे आपल्या जन्मगावापासून फारसे दूर गेलेले नाही, हे मला मनापासून आवडले. नाण्यांवर १७८६, १७८७ आणि १७८८ ही तीनच साले येतात व त्यांपैकी १७८७ ची नाणी सर्वाधिक सापडतात.

खरेखोटेपणाची परीक्षा वजनापासून सुरू करावी आणि त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारी काटा हवा. तो फार महाग नसतो. कायद्याने वजन ९.७२ ग्रॅम ठरवले असले तरी त्या काळच्या चकत्या हाताने तोडलेल्या असत. म्हणून खरी नाणी साधारण ८.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान विखुरलेली आढळतात आणि जमिनीत झिजलेले नाणे त्याहूनही थोडे हलके भरू शकते. त्यामुळे वजन जुळले एवढ्यावर नाणे खरे ठरत नाही. वजन अगदीच विसंगत, समजा साडेसहा किंवा तेरा ग्रॅम आले, तर मात्र ते संशयाचे मोठे कारण आहे.

त्यापुढची परीक्षा घनतेची आहे आणि ती घरी सहज करता येते. काट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असे हातात धरून लोंबकळत ठेवावे आणि काटा काय दाखवतो ते टिपावे. तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. हवेतील वजनाला त्याने भागले की घनता मिळते. समजा, नाणे ९.५० ग्रॅमचे आहे आणि काट्याने १.०७ दाखवले, तर भागाकार ८.८८ येतो, जो शुद्ध तांब्याच्या ८.९ च्या अगदी जवळ आहे. गंजलेल्या, सच्छिद्र नाण्याचा आकडा थोडा कमी येतो, म्हणून ८.५ च्या वर काहीही आले तर मी निश्चिंत असतो. स्मरणिका म्हणून विकल्या गेलेल्या जस्ताच्या किंवा कथलाच्या मिश्रधातूच्या प्रतिकृतींची घनता सात-साडेसातच्या आसपास भरते आणि त्या येथेच उघड्या पडतात. नाण्याला लोहचुंबक लावून पाहण्यास पैसे पडत नाहीत, तेही करावे. चिकटले तर प्रश्नच मिटला.

यानंतर कडा पाहा. न्यू जर्सीच्या नाण्याची कड सपाट असते, तिच्यावर दाते किंवा अक्षरे नसतात. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर घासून सपाट केलेली जोडरेषा दिसते, अक्षरांच्या कोपऱ्यांत बारीक बुडबुडे दिसतात आणि सगळे उठाव साबणाच्या वडीसारखे गोलसर, मऊ वाटतात. साच्याच्या घावाने पाडलेल्या अक्षराची बाजू मात्र, झिजलेली असली तरी, पृष्ठभागातून तडक उभी राहते. एकोणिसाव्या शतकात विद्युतविलेपनाने केलेल्या प्रतीही आढळतात. त्या दोन पातळ कवचांत शिसे भरून तयार केलेल्या असतात, म्हणून कडेवर मधोमध चोहोबाजूंनी फिरणारी सांध दिसते आणि घनता तांब्यापेक्षा जास्त येते. १९७३ च्या अमेरिकी कायद्यानुसार त्यानंतरच्या प्रतिकृतींवर 'कॉपी' हा शब्द ठळक असावा लागतो, पण तो घासून काढलेले नग बाजारात फिरतात. तेव्हा एखाद्या जागी अकारण खोलगट, गुळगुळीत डाग दिसला तर सावध व्हावे. तुमचे नाणे जमिनीतून, फुटभर खोलीवरून निघाले आहे आणि छायाचित्रांत त्याच्या पृष्ठभागावर खऱ्या, दीर्घकाळच्या गंजाची खोल रंध्रे दिसतात, म्हणून ते अस्सल असण्याकडे माझा कल स्पष्टपणे आहे.

आता खरा रसाचा भाग येतो, आणि किंमतही याच भागात दडलेली असते. त्या काळी प्रत्येक साचा हाताने कोरला जाई, त्यामुळे एका साच्यातील घोडा दुसऱ्या साच्यातील घोड्यासारखा कधीच नसे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मारिस यांनी १८८१ मध्ये या सर्व साच्यांची मांडणी केली : घोड्याच्या बाजूच्या साच्याला आकडा आणि ढालीच्या बाजूच्या साच्याला इंग्रजी अक्षर. दोन्ही मिळून नाण्याची जात ठरते, उदाहरणार्थ मारिस ४६-ई किंवा मारिस ४८-जी. अशा १४० च्या आसपास जाती आज ज्ञात आहेत आणि मारिस यांचीच पद्धत आजही सर्वत्र चालते. एकाच सालाची, एकाच झिजेची, शेजारी शेजारी ठेवली तर सामान्य माणसाला सारखीच वाटतील अशी दोन नाणी केवळ जातीच्या फरकामुळे एक ऐंशी डॉलरला आणि दुसरे काही हजारांना जाते. म्हणून 'न्यू जर्सी १७८७, किंमत काय?' या प्रश्नाला जात ठरवल्याशिवाय प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

जात ठरवताना नजर कशावर ठेवायची ते सांगतो. खोलीत अंधार करून एकच दिवा नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर ठेवा आणि नाणे त्याच्यासमोर हळूहळू गोल फिरवा. सरळ वरून पडलेल्या प्रकाशात जे नाणे कोरे वाटते त्यावर आडव्या प्रकाशात आयाळीच्या बटा, कानाची टोके आणि अर्धे पुसलेले साल उमटून येते. मग नांगराकडे पाहा. शेतीशी संबंध असलेल्या मराठी माणसाला हा नांगर चटकन वाचता येतो : फाळ, त्यातून पुढे गेलेले इसाड, मागे वळलेली दोन रुमणी, आणि फाळाच्या पुढे जमीन चिरणारे एक उभे पाते, जे आपल्या लाकडी नांगराला नसते. १७८६ च्या काही साच्यांत हे उभे पाते कोरायचे राहिले आहे, आणि तेवढ्या एका उणिवेमुळे त्या नाण्याची किंमत त्याच सालाच्या साध्या नाण्याच्या अनेक पट होते. १७८६ चेच आणखी एक अतिशय दुर्मिळ रूप असे आहे की, त्यात साल नांगराच्या थेट खाली न येता इसाडाच्या टोकाशी असलेल्या ओढपट्टीखाली येते. ते खरे निघाले तर आकडा दहा हजारांच्या पटीत बोलला जातो, आणि म्हणूनच इतर नाण्यांवरील साल खरवडून तसे भासवण्याचे प्रयत्नही होतात.

त्यानंतर घोडा पाहा. बहुतेक नाण्यांवर तो तुमच्या उजवीकडे पाहतो. १७८८ च्या मोजक्या साच्यांत तो डावीकडे पाहतो आणि अशी नाणी बरीच झिजलेली असली तरी काही शे डॉलरला जातात. एका साच्यातील मान लांब आणि डोके सापासारखे चपटे आहे, त्याला 'सर्पेंट हेड' म्हणतात. दुसऱ्या एका गटातील घोडा उंटासारखा दिसतो, म्हणून तो 'कॅमल हेड'. मागच्या बाजूला घोषवाक्यातील अक्षरे एकेक करून मोजा, कारण काही साच्यांत कोरणाऱ्याने 'प्लुरिबस' या शब्दातील दुसरे यू गाळले आहे. ढालीच्या खाली डहाळ्या आहेत की नाहीत, ढालीला बाहेरून वेगळी रेषा आहे की नाही, आणि घोड्याच्या कानांची टोके कोणत्या अक्षराकडे रोखली आहेत, ही तीन निरीक्षणे लिहून घेतली की १४० जातींमधून बहुधा दहा-बाराच उरतात. उरलेली निवड छायाचित्रांशी ताडून करावी लागते. नोत्र दाम विद्यापीठाच्या संग्रहाची माहिती आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा संग्रह संगणकावर विनामूल्य पाहता येतो.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधतो, कारण नवखे लोक तिला दोष समजून नाणे कवडीमोलाने देऊन टाकतात. १७८९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये तांब्याच्या नाण्यांचा बाजार कोसळला. हलक्या व बनावट नाण्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता की लोक ती स्वीकारेनात. न्यू जर्सीच्या नाण्याला मात्र त्याच्या राज्यात कायद्याचा आधार असल्याने त्याचा भाव टिकून राहिला. साहजिकच कनेक्टिकटची किंवा इंग्रजी अर्ध्या पेनीची पडेल नाणी घेऊन त्यांच्यावरच न्यू जर्सीचा छाप मारणे फायद्याचे ठरले. अशा नाण्यावर घोड्याच्या गळ्याखालून मध्येच एखाद्या माणसाच्या कपाळाची रेषा जाते, किंवा नांगराच्या शेजारी उलटी अक्षरे डोकावतात. 'कॅमल हेड' जातीत हे फार वेळा आढळते. खालचे नाणे कोणते हे ओळखता आले तर संग्राहक त्यासाठी आनंदाने जास्त पैसे मोजतात. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात ढालीच्या डाव्या खांद्याजवळ जो अर्धगोल उंचवटा दिसतो तो गंजाचा फुगवटा आहे की खालच्या नाण्याचे अवशेष आहेत, हे आडव्या प्रकाशातील छायाचित्रावरूनच सांगता येईल. ते मला अवश्य पाठवा.

जातीनंतर स्थिती. न्यू जर्सीची अनेक नाणी जमिनीतूनच येतात, आणि ज्या परसात वर्षानुवर्षे हिरवळीसाठी रासायनिक खत टाकले जाते तेथील तांबे अधिक खाल्ले जाते. अशा रंध्रयुक्त नाण्याचे तपशील कितीही स्पष्ट असले तरी गुळगुळीत तपकिरी पृष्ठभागाच्या नाण्याएवढा भाव त्याला मिळत नाही; प्रमाणीकरण करणाऱ्या संस्था त्याला पूर्ण दर्जा न देता केवळ 'डीटेल्स' असा शेरा देतात. सध्याच्या बाजाराचा माझा अंदाज असा आहे की, १७८७ ची मारिस ४३-डी, ४६-ई किंवा ४८-जी यांसारखी नेहमी सापडणारी जात, गंजलेली पण साल व घोडा ओळखता येणारी, ४० ते ८० डॉलरला जाते. साधी झीज असलेले पण निरोगी नाणे १०० ते २०० डॉलरला. आणि आयाळीच्या बटा व ढालीच्या पट्ट्या ठसठशीत असलेले, गंज नसलेले नाणे ३०० ते ६०० डॉलर किंवा त्याहून पुढे. तुमच्या नाण्याच्या ढालीखाली डहाळ्या दिसत नाहीत, साल १७८७ आहे आणि डावा काठ चांगलाच खाल्लेला आहे. जात साधी निघाली तर ६० डॉलरच्या आसपास ही माझी प्रामाणिक किंमत आहे. जात दुर्मिळ निघाली, किंवा तो उंचवटा खरोखर खालच्या नाण्याचा ठरला, तर हा आकडा रद्द समजावा.

कोणी तुम्हाला लाखांचे आकडे सांगेल. भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने हनुमानाचे किंवा रामदरबाराचे चित्र असलेली, १८१८ साल घातलेली जी पदके फिरतात, त्यांच्याबद्दलही लोकांना अशीच आशा दाखवली जाते आणि ती मुळात कंपनीची नाणीच नसतात. तुमचे नाणे तसे खोटे नाही, पण ३० लाखांच्या मक्त्यातील ते एक आहे. विक्रीला ठेवलेल्या वस्तूवर लावलेली किंमत पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष हातोडा पडलेली किंमत, तीही त्याच जातीच्या आणि तशाच गंजलेल्या नाण्याची पाहा. मोठ्या लिलावगृहांची जुनी निकालपत्रे यासाठी खुली असतात.

प्रमाणीकरणासाठी नाणे पाठवण्याची घाई करू नये. शुल्क, विमा आणि दोन्ही वेळचे टपाल मिळून साठ डॉलरच्या नाण्यावर जवळपास तेवढाच खर्च होतो. त्याऐवजी कलोनिअल कॉइन कलेक्टर्स क्लब या संग्राहकांच्या संस्थेतील किंवा तुमच्या भागातील नाणेमेळ्यातील जुन्या तांब्याच्या जाणकाराला नाणे दाखवावे. जात ओळखून देण्यात या लोकांना मनापासून आनंद वाटतो आणि त्याचे पैसे सहसा कोणी घेत नाही. जात दुर्मिळ ठरली तरच पुढचा खर्च करावा. तोपर्यंत नाणे मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कारण त्या प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये तांब्यावर हिरवा चिकट थर आणतात. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, कोरड्या कपाटात ठेवा. काही आठवड्यांनी नाण्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड येऊ लागली तर तो चालू असलेला गंज आहे, आणि त्या वेळी घरगुती उपाय न करता मला किंवा एखाद्या संवर्धकाला कळवा.

तूर्त एवढे करा : सोनारी काट्यावरचे वजन, दोऱ्याने घेतलेली घनता, आणि आडव्या प्रकाशात दोन्ही बाजूंची प्रत्येकी चार छायाचित्रे, दर वेळी नाणे पाव वळसा फिरवून, पाठवा. नाणे शोधलेल्या जागी आणखीही काही असण्याची शक्यता आहे, म्हणून उरलेले वाफे खणताना माती चाळून घ्या आणि काही निघाल्यास ते किती खोलीवर, कशाशेजारी मिळाले याची नोंद ठेवा. ते तुमच्याच मालकीच्या जागेत आहे तोवर अडचण नाही. सार्वजनिक उद्यानांत व सरकारी जमिनीत परवानगीशिवाय असे खणणे बेकायदेशीर ठरू शकते.